तिसऱ्या सेमिस्टरचं काय झालं

अशोकस्तंभाजवळ निसारभाईंनी
माझ्या आठ मार्कशीट लॅमिनेट करून दिल्या तेव्हा
तिसरीवर त्यांची नजर जरा थांबली.
"ही पण करायची?"
हो, ही पण.
गरम रोलरखालून ती बाहेर आली,
चार केट्या, चकचकीत,
आता पाण्यानंसुद्धा न पुसल्या जाणाऱ्या.

गायधनी सरांचा क्लास कॅनडा कॉर्नरला.
खाली चष्म्याचं दुकान, वर यशाचं.
सर म्हणाले, प्रवेश परीक्षेत झकास मार्क आहेत तुला,
पण ते बोट ठेवतील ते तिसऱ्या सेमिस्टरवर.
त्या वर्षी घरात काही झालं होतं?
नाही सर.
वडील आजारी?
नाही.
थोडेसे?
मी अण्णांना डोळ्यांसमोर आणलं.
त्या वर्षी ते रोज सकाळी सातपूरला
उभ्यानं मिसळ खायचे, तर्री जादा,
वर दोन जिलब्या.
त्यांची अँजिओप्लास्टी करायला माझी जीभ वळेना.
मग आजी बघ, सर म्हणाले. कुणीतरी लागेलच.

आमचा धंदा क्रेटचा.
हिरव्या प्लॅस्टिकचे दोन हजार तीनशे चाळीस,
द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी, मोहाडी, ओझर,
एरवी पिंपळगावचा टोमॅटो.
फेरीला चार रुपये भाडं.
जाताना मोजून जातात,
येताना अंदाजे येतात.
त्या 'अंदाजे'त आमचे वर्षाला तीनशे बुडायचे.

पुण्याच्या हॉटेलात समोर तिघं.
मधल्यांनी बोट ठेवलं, बरोबर तिथंच.
लॅमिनेशनवर नख वाजलं.
काय झालं होतं?

काही नाही, मी म्हणाले.
कळत नव्हतं, आणि विचारायची लाज वाटायची.
मागच्या बाकावर बसून
कळल्यासारखी मान हलवत राहिले
डिसेंबरपर्यंत.

एसीचा आवाज तेवढा.
मग कडेच्या बाईंनी विचारलं, मान हलवून झाल्यावर
उरलेल्या दिवसात काय करायचीस?
क्रेट शोधायचे.

चोरीला जातात?
चोरी नाही म्हणता येत.
कुणी त्यात कोंबड्या ठेवतं,
मोहाडीच्या एका न्हाव्यानं चार उलटे घालून
गिऱ्हाइकांना बाकडं केलं होतं.
आपले कसे ओळखायचे?
तापल्या गजानं 'आ' डागलेला असतो, आहेरांचा.
मग भांडलात?
दोन वर्षं. मिळालं काही नाही.
म्हणून मोजून परत आणेल त्याला
पुढची फेरी एक रुपयानं स्वस्त केली.
तीनशेचे चाळीसवर आले.
आणि वडील?
त्या एका रुपयापायी आठ दिवस बोलले नाहीत.

माझं इंग्रजी अडखळत होतं.
'अंदाजे'ला तिकडचा शब्द सापडेना,
तो मराठीतच ठेवला.
शेवटी तेही तोच वापरू लागले.

उठताना मधले म्हणाले,
इथलं गणित अवघड असतं. नाही कळलं तर?
हात वर करीन, म्हणाले,
आणि खरंच केला, खुर्चीतल्या खुर्चीत,
पोरीसारखा.

मेमध्ये निकाल आला.
गायधनी सरांनी फ्लेक्स लावला, माझा फोटो टवटवीत,
मार्कांची टक्केवारी गायब,
खाली लिहिलं होतं:
'प्रतिकूल परिस्थितीवर मात करून'.
अण्णा पिकअप मधेच उभी करून
त्याखाली बराच वेळ थांबले. मागून हॉर्न.
मला म्हणाले, सुलू,
प्रतिकूल परिस्थिती म्हणजे मी काय गं?

निघायच्या आदल्या रात्री
पुस्तकं बॅगेत मावेनात.
अण्णांनी गोदामातून एक क्रेट आणला, धुऊन, पुसून.
मग वही उघडली,
तारीख टाकली, माझं पूर्ण नाव लिहिलं,
पुढं आकडा: एक.
परत आण, म्हणाले.
आणि वही मिटता मिटता, माझ्याकडे न बघता,
भाडं लावलं नाहीये.